कोहळं आवडणारा नवरदेव

लग्न ही दोन घराण्यांना जोडणारी गंभीर संस्था आहे, आणि सैल माल जोडता येत नाही. जिनिंगच्या कारखान्यात कापूस मोकळा सोडत नाहीत. तो दाबतात, आणखी दाबतात, वरून पट्ट्या आवळतात, आणि मगच ती गाठ ट्रकवर चढते. नवरदेवाचंही तेच आहे. लग्नाआधी त्याला नातेवाइकांच्या घरोघरी नेऊन दाबून भरतात. या प्रक्रियेला यवतमाळ जिल्ह्यात गडगनेर म्हणतात. (पुण्याकडे याला केळवण म्हणतात आणि त्यात भाताची मूद वाढतात. त्याविषयी इथे न बोललेलं बरं.)

पुढील नियमावली कपिल नावाच्या नवरदेवाच्या ताज्या अनुभवावरून तयार केली आहे. कपिल आर्णीत बियाणं-खताचं दुकान चालवतो. वडील बापूजी जवळच्याच गावी कापूस, तूर आणि सोयाबीन घेतात. मुलगी निशिगंधा, केळापूरची. पसंती झाली, तारीख निघाली, हॉल ठरला, आणि कपिलची गाठ बांधायला सुरुवात झाली.

कलम १. गडगनेर नाकारता येत नाही.

कलम २. गडगनेर पुढे ढकलता येतं. मात्र ढकललेलं गडगनेर परत येताना मोठं होऊन येतं.

कलम ३. एकाच दिवशी दोन घरी जेवण असल्यास दुसऱ्या घरी "आत्ताच जेवून आलो" असं म्हणू नये. जिल्ह्यात हे वाक्य कारण म्हणून ऐकलं जात नाही. ते आव्हान म्हणून ऐकलं जातं.

कलम ४. नवरदेवासोबत एक सोबती असावा. त्याने मोटरसायकल चालवावी आणि जेवताना नवरदेवापेक्षा किंचित कमी खावं. (कपिलसोबत त्याचा दोस्त ऋतिक होता. तो या कलमाचा पूर्वार्ध पाळत असे.)

कलम ५. नंतर लिहू. आधी कलम ६ समजून घेणं गरजेचं आहे.

कलम ६. अभिप्राय. गडगनेरात स्वयंपाक करणारी बाई जेवायला बसत नाही. ती पळी घेऊन उभी राहते आणि विचारते, "कसं झालं?" या प्रश्नाची मान्यताप्राप्त उत्तरं व त्यांचे परिणाम असे:

"बरं झालं": म्हणजे बिघडलं. परिणाम: अबोला, सुमारे पुढच्या लग्नापर्यंत.
"चांगलं झालं": म्हणजे काही तरी म्हणावं लागतं म्हणून म्हटलं. परिणाम: एक पळी.
"मस्त झालं": दोन पळ्या.
"एक नंबर": दोन पळ्या, कृती सांगणे, आणि घरी नेण्यासाठी डबा.
मौन: "पोट्ट्याले काही झालं काय?" आणि नवरदेवाच्या आईला फोन.
खरं सांगणे: (या रकान्यात आजवर नोंद नाही. रकाना फक्त तक्ता चौकोनी दिसावा म्हणून ठेवला आहे.)

आता कलम ५.

कलम ५. कोहळं. इतर जिल्ह्यांतले लोक ज्याला लाल भोपळा म्हणतात, ते. बांधावर लावलं नाही तरी येतं, काढलं तरी उरतं, आणि काढून घरात ठेवलं की उन्हाळाभर खाटेखाली झोपून राहतं. त्याला कोणी लवकर फोडत नाही, कारण एकदा फोडलं की संपवावं लागतं, आणि बारा किलोची भाजी संपवायला घरची माणसं पुरत नाहीत. म्हणून प्रत्येक घरातलं कोहळं पाहुण्याची वाट पाहत असतं. शिवाय रीत अशी, की अख्ख्या कोहळ्यावर बाईनं सुरी चालवू नये. पहिला घाव पुरुषानं घालावा. (सोलणं, बिया काढणं, फोडी करणं, फोडणी देणं, ढवळणं, वाढणं आणि भांडी घासणं बाईनं केलेलं चालतं. त्याला रीतीची हरकत नाही.)

कपिलला कोहळं आवडत नाही. नुसतं आवडत नाही असं नाही. भाजी असून गोड लागणं हा त्याला लहानपणापासून सरळसरळ विश्वासघात वाटत आला आहे. तोंडात घातलं की घशाचं दार आतून लागतं. यावर त्याने शाळेच्या वयातच उपाय शोधला होता: ताटातली नावडती वस्तू सगळ्यांत आधी, पाण्याच्या घोटाबरोबर, न चावता संपवायची. म्हणजे पुढचं जेवण निश्चिंत.

या उपायातला दोष त्याच्या लक्षात आला नव्हता, कारण घरी वाढणारी आई होती, आणि आईला तो माहीत होता.

पहिलं गडगनेर: आर्णी. मैनाबाई.

मैनाबाई ही बापूजींची धाकटी बहीण, कपिलची एकुलती आत्या. हे लग्न तिनेच जमवलं. केळापूरला मुलगी पाहायला तीच आधी गेली, मुलीच्या हातचा चहा पिऊन तिनेच "पोरगी लाखात एक" असा निकाल दिला. अशा आत्याच्या घरी गडगनेर म्हणजे वडे, पुरणाच्या पोळ्या, कढी, भात, तळलेल्या मिरच्या आणि, अर्थातच, कोहळं. पहिला घाव कपिलनेच घातला. आत्याने त्याच्या हातात कोयता देऊन कपाळाला कुंकूही लावलं. कपिलला त्या क्षणी आपण काय उघडतो आहोत याची कल्पना नव्हती.

ताट आलं. कपिलने उपाय केला. कोहळं दोन घासांत गेलं.

आत्याने ताटाकडे पाहिलं. ताटात सगळं होतं, फक्त कोहळ्याची जागा रिकामी होती.

"अरे बाप्पा! आवडलं वाटते!"

पळी पडली. कपिलने पुन्हा उपाय केला. पुन्हा जागा रिकामी झाली. पुन्हा पळी पडली.

"लहानपणी त पाहत नव्हता कोहळ्याकडे. आता आवडते काय रे?"

इथे कलम ६ लागू झालं. कपिल भला मुलगा. तो म्हणाला, "आवडते ना आत्या. तुह्या हातचं एक नंबर."

ऋतिकने वडा खाली ठेवला आणि मित्राकडे पाहिलं. पण उशीर झाला होता.

त्याच संध्याकाळी "आपला परिवार" या गटात मैनाबाईंचा संदेश पडला: "कपिलने आज कोहळं ३ वेळा घेतलं. लहानपणी खात नव्हता आता खाते." खाली हात जोडलेली बरीच चित्रं, काही अंगठे, एक केक (चुकून), आणि दिग्रसच्या मामीचा प्रश्न: "कोहळंच आवडते का दुसरं बी काही?" त्यावर मैनाबाईंचं उत्तर: "कोहळंच."

परिणाम. (हा भाग तक्त्यात बसला नाही.)

दुसऱ्या गडगनेरात कोहळ्याची भाजी झाली. तिसऱ्यात भाजी आणि कोहळ्याची तळलेली गोड बोंडं. चौथ्यात भाजी, बोंडं आणि खीर. पाचव्या घरी कोहळ्याचं थालीपीठही होतं, कारण त्या घरच्या सुनेने मोबाईलवर पाहून काही तरी नवीन करायचं ठरवलं होतं. प्रत्येक घरी दारातच पोतं अंथरलेलं असे, पोत्यावर कोहळं, बाजूला कोयता, आणि सगळं घर उद्घाटनाला जमल्यासारखं उभं. कपिल घाव घालायचा. टाळ्या पडायच्या. दिग्रसच्या मामीने तर फीतही बांधली होती.

मग ज्यांचा गडगनेर द्यायचा विचार नव्हता, त्यांनाही ते सुचू लागलं. बापूजींच्या लांबच्या एका चुलतीचं आणि या घराचं चार वर्षं बोलणं नव्हतं. तिचाही फोन आला. "झालं गेलं सोडा, पोराले पाठवा." तिच्या घरी पुरुषमाणूस नव्हता आणि तीन कोहळी खाटेखाली कधीची पडून होती. कपिल गेला, तीन घाव घातले, दोन घराणी पुन्हा जोडली गेली. समाजात सलोखा वाढवण्याचं काम ज्या समित्या करतात, त्यांनी या फळभाजीचा विचार करायला हरकत नाही.

एक ढोबळ आकडेवारी: त्या दीड महिन्यात आर्णी आणि दिग्रस या दोन तालुक्यांत खाटेखालची जागा लक्षणीय प्रमाणात मोकळी झाली. कपिलचं वजन वाढलं. ऋतिकचं अधिक वाढलं, कारण कपिलच्या वाट्याच्या पुरणपोळ्या तो खात होता.

तांड्यावरचं गडगनेर: एक आशा आणि तिचा शेवट.

दिग्रसजवळच्या तांड्यावर भावसिंग राहतात. बापूजींचे बैलबाजारापासूनचे दोस्त. "पोरगा तुमचा तसा आमचा," म्हणून त्यांनीही जेवायला बोलावलं. कपिलच्या अंगात जीव आला. भावसिंगांची बायको नंदाबाई मटण करते, आणि नंदाबाईचं मटण ज्याने खाल्लं आहे तो त्याविषयी आवाज खाली करून बोलतो. कपिल आदल्या दिवसापासून हलकं जेवला. ऋतिकने तर चहासुद्धा सोडला.

दोघे तांड्यावर पोचले. खाट टाकलेली होती. कडुलिंबाखाली एक बोकड बांधलेलं होतं आणि निवांत पाला खात होतं.

"काका," ऋतिकने न राहवून विचारलं, "हे बोकड अजून इथं काहून हाये?"

भावसिंग हसले. "अरे, कापाचंच ठरलं होतं. राजकुमारनं सुरीले धार बी लावली. पण तुह्या काकीले आर्णीहून फोन आला."

"कोणाचा?"

"मैनाबाईचा. म्हने, पोराले मटण नको, कोहळं करा. तेच लागते त्याले. मी म्हनलं, पाव्हण्याची आवड पाहा लागते. बोकड काय, पुढच्या वेळी बी राहीन."

भावसिंगांचा मुलगा राजकुमार धार लावलेली सुरी घेऊन आला. त्याच सुरीने त्याने भाकरीसोबतचा कांदा चिरला.

देवापुढे बोकडाऐवजी कोहळं फोडून भागवण्याची सोय परंपरेत आहे. नवरदेवापुढे ती प्रथमच वापरण्यात आली. नंदाबाईने मन लावून केलं होतं: मटणाचा मसाला, वाटलेलं खोबरं, लाल तिखट, वर बोटभर तर्री. दिसायला सगळं मटण. आत कोहळं. कपिलने पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट झालं काय बेटा?"

"नाही काकी," कपिल म्हणाला. "एक नंबर."

बोकड लिंबाखालून त्याच्याकडे पाहत होतं. आम्ही कोणावरही भावना लादू इच्छित नाही. पण ती कृतज्ञता होती.

कलम ७. तक्रार निवारण.

त्या दिवशी घरी आल्यावर कपिलने ठरवलं, बस. बापूजी ओसरीवर तुरीचे भाव ऐकत बसले होते.

"बाबा, मले कोहळं आवडत नाही."

बापूजींनी आधी मोबाईल बंद केला, मग उठून दार लावलं.

"हळू बोल. तुही माय बी म्हणूनच चूप हाये. कोणाले सांगतलं काय?"

"नाही. पण आता मैना आत्याले सांगतो."

"डोकं फिरलं काय तुहं? लग्न कोणं जमवलं? मैनीनं. तिले कळलं का तू तोंडावर खोटं बोलला, त ती रुसन. ती रुसली त तिचा नवरा, तुहा फुफा, रुसन. जावई रुसला त मांडवाचा खांब कोण गाडन?"

"हॉल आहे बाबा. खांब सिमेंटचे हायेत."

"तरी बी जावई लागते."

या युक्तिवादापुढे जिल्ह्यात आजवर कोणी टिकलेलं नाही. कपिल एवढंच म्हणाला, "तुमचं बरं हाये. तुम्हाले आवडते. तुम्ही आत्याच्या घरी दोन-दोनदा घेता."

बापूजींनी बंद दाराची कडी पुन्हा एकदा तपासली. मग म्हणाले, "लग्न होऊ दे. मंग पाहू."

परंतु लग्न झाल्यावर पाहण्यासारखं काही उरणार नव्हतं, हे कपिलला दुसऱ्या दिवशी निशिगंधाचा फोन आला तेव्हा कळलं.

"ऐका ना, आज कोहळ्याची भाजी केली. चौथ्यांदा."

"एवढा तरास कायले घेते?"

"तुम्हाले आवडते म्हणून. आत्याबाईनं सांगतलं ना. पहिल्यांदा पार लगदा झाला. दुसऱ्यांदा गूळ लय झाला. तिसऱ्यांदा बोटं भाजली. आज बाबा म्हणे, जमली." मग आवाज खाली करून, "आपल्या घरामागं जागा हाये ना? मी बिया वाळवून ठेवल्या. येताना घेऊन येतो. वेल लावू."

कपिलच्या डोळ्यांपुढे वेल उभा राहिला. तो न्हाणीवर चढला, तिथून कौलांवर, तिथून शेजाऱ्याच्या डिशवर. आणि प्रत्येक पानाआड एक.

"तुले आवडते काय कोहळं?" त्याने विचारलं.

फोनवर मागे कोणी तरी भांडं आपटलं.

"मले? हाव. आवडते ना. कायले नाही आवडणार?"

कपिल एकोणतीस वर्षांचा आहे. त्याच्या घराण्यात पुरुष साधारण ऐंशीपर्यंत जेवतात. दुकानात बियाण्याचा हिशोब करणाऱ्या माणसाला पुढचा गुणाकार अवघड नव्हता. खरं बोलावं तर आत्या जाते, आणि जी मुलगी चार वेळा भाजी करून हात भाजून घेते तिच्याशी संसाराची सुरुवात "मी खोटं बोललो" या वाक्याने होते. खोटं चालू ठेवावं तर उरलेली सगळी जेवणं जातात. त्याने फोन ठेवला आणि ऋतिकला विचारलं, "काय करू बे?"

"वेल लागल त फवारणी चुकव," असं ऋतिकने सुचवलं.

कलम ८. विवाह.

पत्रिकेत "कृपया आहेर आणू नये" असं छापलं होतं. लोक कायदा पाळणारे आहेत. त्यांनी आहेर आणला नाही, कोहळी आणली. कोहळं हा आहेर नव्हे, अशी सर्वांची प्रामाणिक समजूत होती. केळापूरच्या मंडळींनी रुखवतात कोहळं कोरून राजहंस केला होता, आणि त्याच्या चोचीत "निशिगंधा संग कपिल" अशी पट्टी होती. फुफाजींनी हॉलच्या सिमेंटच्या खांबाला प्रतीकात्मक धक्का दिला आणि मांडव उभा झाल्याचं जाहीर केलं. पंगतीत काय होतं ते सांगण्याची गरज नाही. वरात परतताना मागे एक ट्रॉली होती. तिच्यात काय होतं तेही.

कलम ९. नव्या सुनेच्या हातचं पहिलं जेवण.

याला साक्षीदार लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशी मैनाबाई, फुफाजी आणि ऋतिक सकाळपासून बापूजींच्या अंगणात हजर होते. कपिलची आई आत चूल पेटवत होती. ओसरीवर दारापासून न्हाणीपर्यंत कोहळी ओळीने मांडलेली होती. त्यांतलं सगळ्यांत मोठं पोत्यावर आलं. निशिगंधाने पदर खोचला, कोयता धुतला, आणि दोन्ही हातांनी कपिलपुढे धरला.

"घ्या. पहिला घाव."

ऋतिकने मोबाईल काढला. मैनाबाईने बापूजींना कोपर मारून दाखवलं, "पाह्य दादा, कसा जोडा शोभून राह्यला."

कपिलने कोयता वर नेला. समोर कोहळं. मागे कोहळ्यांची ओळ. बाजूला निशिगंधा; तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर भाजल्याचे डाग. कोयता वरच राहिला.

"फोडा ना," ती हळूच म्हणाली. "काय झालं?"

"मले," कपिल म्हणाला, "कोहळं आवडत नाही."

त्याच्या हाताला घाम आला होता. कोयता सुटला आणि थेट कोहळ्यात जाऊन रुतला. (रीतीनुसार घाव ग्राह्य.)

फुफाजी उठले आणि एक चप्पल पायात घातली. रुसण्याची पूर्वतयारी म्हणून हे आवश्यक असतं.

"काय म्हणाला तू?" मैनाबाई.

"आवडत नाही आत्या. कधीच नाही आवडलं. वास येते मले."

"मंग माह्या घरी तीनदा काहून घेतलं?"

"तू वाढलं म्हणून!"

"तू संपवलं म्हणून वाढलं!"

"वाढू नये म्हणूनच त संपवलं!"

मैनाबाई मटकन खाली बसली. खाली कोहळं होतं, त्यामुळे ती अपेक्षेपेक्षा लवकर बसली. तिचा चेहरा पडला होता, आणि तो पाहून कपिलचाही पडला. आता ती उठेल, फुफाजी दुसरी चप्पल घालतील, आणि ज्या आत्याने त्याला लहानपणी कडेवर घेऊन बाजार दाखवला ती पुढची दहा वर्षं दारातूनही जाणार नाही, हे त्याला दिसत होतं.

तेवढ्यात एक बारीक आवाज आला.

"मले बी नाही आवडत."

सगळ्यांनी वळून पाहिलं. निशिगंधा पदराचं टोक पिळत होती.

"चार वेळा केली मी. एकदा बी चाखली नाही. दर वेळी बाबालेच चाखाले लावली."

कपिलने तिच्याकडे पाहिलं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं होतं. पण हे वेगळं होतं. तेव्हा व्हिडिओवाला "इकडं पाहा" म्हणत होता.

बापूजी खाकरले. "मैने," ते म्हणाले, "आता विषय निघालाच हाये त सांगतो. मले बी नाही आवडत."

"दादा! तू त माह्या घरी तीस वर्सांपासून दोन-दोनदा घेऊन राह्यला!"

"तू रुसशील म्हणून. मी बी आधी संपवतो." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "ती खोड याले माह्याकडूनच आली."

आता सगळे फुफाजींकडे बघू लागले. फुफाजींनी चप्पल काढून ठेवली.

"मी खातच नाही," ते म्हणाले. "मी गाईले टाकतो. गाय बी बाजूले सारते."

ऋतिकने मोबाईल खाली केला, कारण काही गोष्टी चित्रित करू नयेत इतकं त्यालाही कळतं. मग मैनाबाई बसल्या कोहळ्यावरून म्हणाली,

"मंग मी कोणासाठी करून राह्यली होती? मले त त्याचा वास बी सहन होत नाही. नाकाले पदर लावून फोडणी देतो मी."

"तुले नाही आवडत?"

"कधीच नाही! आपल्या बाबाले आवडे म्हणून केलं. बाबा गेले, त मंग तुले आवडते म्हणून करत गेली."

"बाबाले?" बापूजी म्हणाले. "बाबा त मायसाठी खात. मायले वाईट वाटू नये म्हणून."

चौकशी इथून आणखी मागे नेता आली असती. पण पुढचे साक्षीदार हयात नव्हते.

सगळ्यांत आधी हसली ती मैनाबाई. मग तिला आवरेना. कोहळ्यावर बसून हसणं अवघड असतं, ती कलंडली, तिला धरायला गेलेले फुफाजीही कलंडले, आणि ओसरीवरची ओळ सुटून चार-पाच कोहळी अंगणभर गडगडत गेली. शेजाऱ्यांनी कुंपणावरून पाहिलं आणि नव्या सुनेचा पायगुण चांगला असल्याची नोंद घेतली.

एवढं होऊनही घाव पडला होता, आणि फोडलेलं कोहळं तसंच ठेवायचं नसतं. त्यामुळे भाजी झाली. नियमाला इलाज नाही. एकमेकांना सगळं खरं सांगून मोकळी झालेली माणसं पंगतीला बसली, आणि प्रत्येकाने सवयीने ताटातलं कोहळं आधी संपवलं. मैनाबाई पळी घेऊन उभी होती. तिला रिकाम्या जागा दिसल्या. तिचा हात थांबला नाही; तीस वर्षांचा हात तो.

"अरे बाप्पा," ती म्हणाली, "आवडलं वाटते!" आणि मग स्वतःचंच तोंड दाबून धरलं.

संध्याकाळी निशिगंधाने वाळवलेल्या बियांची पुडी चुलीत टाकली आणि कपिलला विचारलं, "मंग तुम्हाले आवडते तरी काय?" लग्न ठरल्यापासून हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नव्हता. त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग तिच्या कानाशी वाकून एका पदार्थाचं नाव सांगितलं. ती हसली. तिलाही तोच आवडतो. त्या पदार्थाचं नाव आम्ही इथे देत नाही. हे आर्णीत वाचलं जाईल.

कलम १०. वाचकांसाठी.

तुम्ही हसत असाल. आमच्याकडे गडगनेर नसतं, आमच्याकडे कोहळं पिकत नाही, आमच्या घरी सगळे मोकळेपणाने बोलतात, असं म्हणत असाल. ठीक आहे. तुमच्या घरी एक भाजी दर आठवड्याला होते. ती कोणाला फार आवडते म्हणून होते, हे घरात प्रत्येकाला माहीत आहे, आणि ते नाव तुमचं आहे. तुम्ही ते कधी, कोणाच्या समाधानासाठी, कुठल्या पंगतीत बोलून गेलात ते तुम्हाला आता आठवत नाही. करणारीला मात्र तारखेसह आठवतं. ती स्वतः ती भाजी खात नाही. तुमच्या लक्षात आलं नसेल, कारण तुम्ही तेव्हा ताटाकडे बघत असता आणि लवकर संपवत असता.

आज ती आहे. आत फोडणी पडल्याचा आवाज झाला, तो तुम्ही आत्ता ऐकलात. जा, हात धुवा. ती पळी घेऊन उभी राहील आणि विचारेल, आणि तुम्ही काय म्हणणार आहात ते तुमच्याइतकंच आम्हालाही ठाऊक आहे.